पोलिसांच्या गाडीने ठोकलं तर कोणाकडे जायचं? या वकिलांकडे (४ स्टार)

चोराच्या मागे सुटलेल्या पोलीस जीपने सिग्नलवर भाच्याची बाईक उडवली, पाय मोडला, आणि घरातले सगळे एकच म्हणत होते की सरकारी गाडीवर केस करून काय मिळणारे. या वकिलांनी मात्र पहिल्याच भेटीत शांतपणे सांगितलं की सायरन चालू असला तरी ड्रायव्हरला बेफिकीर चालवायची सूट नसते, आणि १९६२ मध्ये राजस्थानच्या विद्यावती केसमध्ये कलेक्टरच्या जीपने झालेल्या अपघातासाठी सुप्रीम कोर्टाने सरकारलाच भरपाई द्यायला लावली होती. सरकारी गाडीला विम्यातून सूट असू शकते, तसं असलं तर दावा थेट सरकारवर. तो करायचा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट), आणि आपण राहतो तिथलंही चालतं, हे मला नवीनच होतं. चूक कुणाची ते न पाहता कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत, पण आमचा खर्च त्याहून जास्त म्हणून तो रस्ता सोडला. कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिन्यांची लिहिलीय, म्हणून त्यांनी एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड पटापट गोळा करून घेतलं.

एक स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत, आणि त्यांचा क्लार्क तीच झेरॉक्स परत परत मागतो!!