परदेशात मेडिकल शिकताना अँकी : सलग काही महिने वापरल्यानंतर

अँकी हे फ्लॅशकार्डचं (पुढे प्रश्न, मागे उत्तर; विसरायच्या बेताला कार्ड परत दाखवणारं) सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, आणि दिसायलाही त्याच काळातलं वाटतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनच्या ॲपला मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. नावात ‘अँकी’ घुसवून दर महिन्याला वर्गणी मागणारी भलतीच ॲप्स स्टोअरमध्ये दिसतात, ती ही नव्हेत.

मेडिकलसाठी अँकी कसं वापरावं यावर ढिगाने मजकूर सापडतो, पण त्यातला बराचसा अमेरिकन परीक्षेच्या हिशेबाने लिहिलेला. परक्या देशात शिकणाऱ्याच्या डोक्यावर विषयाखेरीज आणखी दोन ओझी असतात: पेशंटची भाषा आणि तिथल्या हॉस्पिटलची रीत. तिन्हींचा विचार करून मत एवढंच: पाठांतराला उत्तम, ऐकून समजण्यापुरत्या भाषेलाही उत्तम, तयार डेक (कार्डांचा संच) डोळे झाकून वापरला तर घातक, आणि तोंडी परीक्षेला अर्धवट.

तयार डेकांत सगळ्यात चालणारा ‘अँकिंग’ नावाचा. ३० हजारांच्या वर कार्डं, यूएसएमएलई या अमेरिकन डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेसाठी बांधलेला, टॅगिंग (कार्डांना विषयवार लेबलं) फार सुरेख. पहिल्या दोन वर्षांच्या विषयांना तो कुठेही चालतो. पेशीत ऊर्जा तयार करणारी क्रेब्ज सायकल देश बघून बदलत नाही. गडबड वॉर्डात सुरू होते. डेकमध्ये क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि एसआय म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीची एककं वापरणाऱ्या हॉस्पिटलच्या रिपोर्टवर तेच ८८ मायक्रोमोल प्रति लिटर. मिलिग्रॅमवरून तिकडे जाताना ग्लुकोजला १८ ने भागायचं, क्रिएटिनिनला ८८.४ ने आणि बिलिरुबिनला १७.१ ने गुणायचं, हे माहीत असतंच. पण राउंडला उभं राहून गुणाकार जमत नाही. आकडा बघताच ‘वाढलेला’ असं डोक्यात यायला हवं, म्हणून त्या त्या हॉस्पिटलच्या एककात नॉर्मल रेंजची कार्डं सरळ नव्याने करावीत.

औषधांचंही तेच. ॲसिटामिनोफेन म्हणजे पॅरासिटामॉल आणि अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल हे चटकन अंगवळणी पडतं. पण जर्मनीच्या वॉर्डात रोज दिसणारं मेटामिझोल हे वेदनाशामक अमेरिकेत चालत नाही, त्यामुळे त्याचा ॲग्रॅन्युलोसायटोसिसचा (काही पांढऱ्या पेशी एकदम घटण्याचा) धोका अमेरिकन डेकच्या भरवशावर सोडता येत नाही. आजारांची नावंही बदलतात: थायरॉइडच्या ग्रेव्हज डिसीजला जर्मन डॉक्टर बासेडो म्हणतात, मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसला जर्मनीत आणि रशियातही बेख्तेरेव्हचं नाव आहे.

सगळ्यात फसवं प्रकरण ईसीजीचं. डेकमधली प्रत्येक पट्टी २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाची: मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, आणि हृदयाचा रेट काढायला ३०० भागिले दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात ५० चा वेग सर्रास वापरतात. तिथे मोठा चौकोन ०.१ सेकंदाचा, म्हणून ६०० ने सुरुवात करायची. नाहीतर ७५ चा रेट ३७ निघतो आणि धडधाकट माणसाला ब्रॅडिकार्डिया (मंद नाडी) होतो. क्यूआरएस हा ठोक्याचा उंच टोकदार भागही दुप्पट रुंद भासतो. कार्डावर वेग लिहिलेला नसेल तर ते कार्ड सस्पेंडच करावं, म्हणजे ते डेकमध्ये राहतं पण समोर येत नाही.

डेक आणल्याबरोबर सगळी कार्डं सस्पेंड करायची आणि लेक्चर झालं की त्या टॅगची तेवढी उघडायची. स्थानिक माहिती मूळ मजकुरात भरू नये, पुढच्या अपडेटला ती पुसली जाण्याची शक्यता असते. स्वतःच्या टिपांसाठी कार्डात वेगळं फील्ड (रकाना) असतं, तिथे लिहावं.

आता सेटिंग. २३.१० या आवृत्तीपासून एफएसआरएस नावाचं नवं वेळापत्रक आत आलंय. डेक ऑप्शन्समध्ये ते चालू करावं, जुन्या पद्धतीकडे ढुंकूनही बघू नये. डिझायर्ड रिटेन्शन (परत येणाऱ्या कार्डांतली किती आठवायला हवीत ते प्रमाण) ०.९० वर असतं, तिथेच राहू द्यावं. ०.९५ केलं की कार्डं कितीतरी लवकर परत येतात आणि रोजचं काम बेसुमार वाढतं. शेवटचे चार-पाच टक्के फार महाग पडतात. लर्निंग स्टेप (नवं कार्ड किती वेळाने पुन्हा दाखवायचं ते) एका दिवसाच्या आतलीच ठेवावी, १५ मिनिटांची एक स्टेप पुरते. महिन्यातून एकदा ऑप्टिमाइझ दाबावं, म्हणजे वेळापत्रक आपल्या उत्तरांनुसार जुळतं. आणि उत्तर बघितल्यावर दाबायच्या बटणांतलं ‘हार्ड’ हे बटण उत्तर आठवलं, पण त्रासाने, यासाठी आहे. विसरल्यावर ‘अगेन’ दाबायला जिवावर येतं म्हणून हार्ड दाबणारे बरेच असतात. त्यांचं गणित पुरतं बिघडतं, कारण अँकी समजतं की हे येतंय.

रोजची नवी कार्डं किती, यावरच सगळं अवलंबून आहे. ढोबळ हिशेब असा की नव्या कार्डांच्या साधारण दसपट रिव्ह्यूची (जुन्या कार्डांच्या उजळणीची) तयारी ठेवायची. रोज २० नवी म्हणजे काही आठवड्यांनी २०० च्या आसपास रिव्ह्यू, कार्डाला दहा सेकंद धरली तर अर्धा तास. रोज ६० घेतली की दीड तासाच्या वर, आणि त्यात भाषेची कार्डं धरलेलीच नाहीत. रिव्ह्यूची मर्यादा २०० वर असते आणि ती नव्या कार्डांनाही लागू होते: १९० रिव्ह्यू बाकी असतील तर नवी दहाच येतात. ‘नवी कार्डं दिसत नाहीत’ अशी तक्रार असेल तर आधी ही मर्यादा तपासावी.

परीक्षेत किंवा सुट्टीत खंड पडून हजारभर कार्डं साचली तर नवी शून्यावर आणावीत आणि रिव्ह्यूचा क्रम ‘डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी’ ठेवावा. अजून आठवणारी कार्डं आधी हातावेगळी होतात. सगळा डेक रीसेट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला लीच असा टॅग लागतो. अशा कार्डात दोष बहुधा मांडणीचा असतो: एकाच कार्डात पाच कारणं किंवा सारखी दिसणारी दोन औषधं. ते फोडून नव्याने लिहावं.

अॅनाटॉमीसाठी इमेज ऑक्लूजन (चित्रातली लेबलं झाकून विचारणं) आता आतच आहे, वेगळं ॲड-ऑन लागत नाही. झाकताना ‘हाइड ऑल, गेस वन’ निवडावं. शेजारची लेबलं उघडी राहिली की उत्तर त्यांवरून कळतं. लॅटिन नावं मागणाऱ्या कॉलेजात लेबल लॅटिनमध्येच टाकावं, इंग्रजी मागच्या बाजूला.

भाषेच्या कार्डांत बहुतेकांची वेळ वाया जाते, कारण ती प्रश्नांची केलेली असतात. ‘कधीपासून दुखतंय’ हे आठवडाभरात तोंडात बसतं. अडतं ते पेशंटच्या उत्तरावर. जर्मन पेशंट व्हर्टिगो म्हणत नाही, ‘मिर इस्ट श्विंडेलिग’ म्हणतो. त्यात गरगरणंही आलं आणि नुसती अंधारीही, म्हणून पुढचा प्रश्न लागतो: खोली फिरतेय की तोल जातोय, म्हणजे ड्रेहश्विंडेल की श्वांकश्विंडेल. कार्ड असं करावं: पुढे फक्त आवाज, मागे वाक्य, अर्थ आणि त्यावर विचारायचा पुढचा प्रश्न. आवाज तिथल्याच एखाद्या वर्गमित्राचा घ्यावा. कार्ड लिहिताना एफ५ दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. मशीनचा आवाज शुद्ध असतो, आणि तसं शुद्ध कुणी पेशंट बोलत नाही. दोन्ही दिशांची कार्डं केली असतील तर ‘बरी सिब्लिंग्ज’चे (जोडीचं कार्ड दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचे) पर्याय चालू करावेत, म्हणजे एकाच दिवशी एक कार्ड दुसऱ्याचं उत्तर फोडत नाही.

तोंडी परीक्षा हा अँकीचा कच्चा दुवा. परीक्षक ‘काविळीबद्दल सांगा’ म्हणतो आणि गप्प बसतो. शेकडो तुकडे पाठ असलेला विद्यार्थी बिलिरुबिनचा आकडा सांगून थांबतो, कारण एकातून दुसरं कसं निघतं हे कार्डाने कधी विचारलेलंच नसतं. त्यासाठी विषयाचा टॅग घेऊन फिल्टर्ड डेक (निवडक कार्डांचा तात्पुरता डेक) बनवावा, पण तो लगेच उघडू नये. आधी दहा मिनिटं त्या विषयावर परीक्षेच्या भाषेत मोठ्याने बोलावं, मगच कार्डं चाळावीत. बोलताना सुटलेलं तेव्हा दिसतं. कार्ड येतं पण बोलण्यात येत नाही, असे मुद्दे बरेच निघतात.

सिंकची (फोन आणि कॉम्प्युटरवरची कार्डं इंटरनेटवरून जुळवण्याची) एक खोच. नोट टाइपमध्ये, म्हणजे कार्डाच्या साच्यात, नवं फील्ड घातलं की अँकी पुढच्या सिंकला अपलोड की डाउनलोड असं विचारतं. जिथे ताजं काम आहे तिथून अपलोड करायचं, दुसरीकडे डाउनलोड. उलटं झालं तर एका बाजूचे रिव्ह्यू जातात. कॉम्प्युटरवर बॅकअप आपोआप होतात आणि प्रोफाइल बदलण्याच्या खिडकीतून परत आणता येतात. आणि सिंक म्हणजे कार्डं दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात, तेव्हा पेशंटचं नाव असलेला रिपोर्ट किंवा वॉर्डात काढलेला फोटो कार्डावर कधीच नको.