चित्रात शालिनी पॅलेस होता, तरीही मी पैसे दिले

एक लाख चौसष्ट हजार पाचशे रुपये. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण पोलीस ठाण्यात तीन वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा समोरच्याने "दीडएक लाख" असंच लिहून घेतलं.

नोव्हेंबर 2025 मध्ये कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉटेलात कला आणि जुन्या वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. नावं लिहीत नाही, वकिलांनी तसं सांगितलंय. 200 रुपये तिकीट, आत गालिचे, प्रत्येक स्टॉलवर वेगळा दिवा. चिनी मातीच्या बरण्या, निळ्या नक्षीच्या बशा, तंजावरची चित्रं, एका कोपऱ्यात जुने दागिने. मी आणि माझी जाऊ शनिवारी दुपारी गेलो. घ्यायचं काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं.

जाऊबाई दागिन्यांपाशी थांबल्या. जुना साज, ठुशी, बोरमाळ. त्यांनी काही घेतलं नाही, सुटल्या. पण इथे एक सांगून ठेवते: साजाच्या मण्यांत आणि पानांत लाख भरलेली असते. लाखेसकट वजन करून सोन्याचा भाव लावला की तिथेच गेलात. जुना आहे म्हणून हॉलमार्क नाही असं कुणी म्हणालं, तर आधी गुजरीतल्या आपल्या सराफाला दाखवा, मग पैशाचं बोला. हॉलमार्क असेल तर त्यावरचा सहा अक्षरी नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथल्या तिथे टाकून बघा.

मी मात्र चित्रांच्या स्टॉलवर अडकले.

जलरंगातलं आमच्या रंकाळा तलावाचं चित्र होतं. फूटभर रुंद, कागद पिवळट, कडांना डाग. खाली उजवीकडे सही आणि साल 1926. स्टॉलवाला पन्नाशीचा, खादीचा कुर्ता, बोलणं अगदी मऊ. म्हणाला, "ताई, अबालाल रहिमान. एका वाड्यातून आलंय, घरच्यांना नाव नको आहे." माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. राजर्षी शाहूंच्या दरबारातल्या या चित्रकाराचं नाव घेताना ते आवाज खाली आणायचे. अबालाल 1931 साली गेले हेही मला वडिलांनीच सांगितलेलं. त्या नावाने मी हलले, हे खरं. लोभाने नाही घेतलं. विकून चार पैसे करायचे असा विचार मनात एकदाही आला नाही. त्याने वाक्य टाकलं, "कोल्हापूरचं चित्र कोल्हापुरातच राहू दे," आणि मला वाटलं, वडील असते तर त्यांनीही घेतलं असतं.

भाव सांगितला 2,75,000. उतरत उतरत 1,60,000 वर आला. सांगलीचं एक गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं म्हणे. मी 25,000 फोनवरून दिले. त्यानेच सुचवलं की आजच खातं जोडून ठेवा, म्हणजे उद्या नव्या खात्याची मर्यादा आड येणार नाही. किती काळजी करतो माणूस, असं वाटलं तेव्हा! रविवारी 1,35,000 एनईएफटीने पाठवले, आणि फ्रेम-पॅकिंगचे 4,500 रोख. खातं बाईच्या नावाचं, बचत खातं. व्यापारी माणूस बचत खात्यावर पैसे मागतो तेव्हाच उठायला हवं होतं. मी 31 वर्षं बँकेत काढली आहेत. खोटी नोट माझ्या बोटांना कळायची.

पण खरी चूक ती नाही. खरी चूक चित्रातच होती.

पाण्यात संध्यामठाची जुनी दगडी वास्तू, पलीकडे झाडी, आणि झाडीतून वर आलेला मनोरा. तो रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचा मनोरा. मी रंकाळ्यावर रोज सकाळी फिरते, रोज तो समोर असतो. म्हणूनच मला तो चित्रात खटकला नाही, उलट ओळखीचा वाटला, आपला वाटला. मी बोट ठेवून जाऊबाईंना दाखवलासुद्धा. "बघा की, किती हुबेहूब." शालिनी पॅलेस बांधायला घेतला 1931 साली आणि पूर्ण झाला 1934 मध्ये. चित्रावर साल 1926. आणि ज्याच्या नावावर ते खपवलं तो माणूस इमारत पुरी होण्याआधी तीन वर्षं गेलेला. बोट त्या मनोऱ्यावर होतं माझं. रात्री झोपताना अजून ते बोट दिसतं.

नऊ दिवस चित्र दिवाणखान्यात होतं. मग ओळखीचे एक चित्रकलेचे सर चहाला आले. कप हातात घेऊन चित्रासमोर उभे राहिले, काही बोललेच नाहीत. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "वहिनी, हा पॅलेस ना?" एवढंच. माझे पाय गार पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रेम सोडली, आणि दुकानात नोटा बघायला ठेवतात तो निळा दिवा कागदावर धरला. कागद पांढराशुभ्र चमकला. कागदात चमक आणणारी रसायनं साधारण 1950 नंतर आली, जुना कागद असा चमकत नाही. कडांचे डाग चहाच्या पाण्याचे निघाले. चित्र हातानेच काढलेलं होतं, वाईटही नव्हतं. पण परवा-तेरवाचं. असा दिवा शे-दोनशेत मिळतो, घेऊन जा सोबत. विकणारा लावू देत नसेल तर तिथून चालू लागा.

सालसुद्धा विचार करून घातलेलं. शंभर वर्षं झालेलं चित्र 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, विकायला परवाना लागतो. 1926 म्हणजे तेव्हा शंभराला एक कमी. "त्यामुळे कागदपत्रांची कटकट नाही," हे त्याने मला गुण म्हणून सांगितलं.

बिल नीट वाचा हो! माझ्या बिलावर अबालाल हे नावच नाही. इंग्रजीत "डेकोरेटिव्ह पिक्चर, वॉटरकलर", खाली बारीक अक्षरात "जसं आहे तसं विकलं". सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र वेगळं, त्यावर पत्ता नाही. जीएसटी नंबर 15 आकडी-अक्षरी असतो. माझ्या बिलावरचा मोजला, 14 निघाला.

आता पुढचं. फोन बंद. आयोजक म्हणाले, आम्ही फक्त स्टॉल भाड्याने दिले. हॉटेल म्हणालं, आम्ही फक्त हॉल दिला. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवून सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्यांदा गेले तर, खातं पुण्याचं आहे, पुण्याला जा. तिसऱ्यांदा एकाने विचारलं, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कळलं नाही?" हे विचारायला पगार मिळतो का? सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, आणि ती तक्रार फिरून त्याच ठाण्यात आली. तिथे उत्तर, हा सायबरचा विषय नाही, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत. बँकेचंही तेच. माझ्याच जुन्या बँकेचं! एका सरकारी कार्यालयात चित्र दाखवायला नेलं, तर खासगी चित्रांवर अभिप्राय देत नाही म्हणून पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिलं नाही. चित्र खोटं आहे असं लेखी कुणी देत नाही, आणि लेखी नाही म्हणून गुन्हा दाखल होत नाही.

गुन्हा कुठे घडला यावरून तक्रार नाकारता येत नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे. फसवणूक न्याय संहितेच्या 318 मध्ये येते. हे मी स्वतः वाचून गेले, तेव्हा कुठे अर्जावर पोहोच मिळाली. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते, तीही पाठवली आहे. ग्राहक आयोगाचा अर्ज भरतेय, पण समोरच्याचा पत्ता मागतात.

चित्र भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवलंय. पुरावा आहे म्हणून टाकताही येत नाही. मुलगा म्हणतो कुणाला सांगू नकोस. मी सांगणार. पुणे, सांगली, सातारा, बेळगाव, कुठेही अशा प्रदर्शनात संध्यामठ आणि मागे मनोरा असलेलं 1926 चं चित्र दिसलं, तर स्टॉलचा, बिलाचा आणि त्या खात्याच्या क्यूआर कोडचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. त्याने हे एकच काढून घेतलं असेल, असं मला वाटत नाही.