पैसे खरे होते, पत्र खोटं होतं

टेक्सस राज्याच्या सरकारकडे माझ्या मावशीचे पैसे खरोखरच पडून होते. हे आधीच सांगते, कारण आमच्या मंडळात ही गोष्ट ज्या कोणाला सांगितली त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, लॉटरी लागली म्हणून फोन आला की ठेवून द्यायचा, एवढंही कळत नाही?" इथे लॉटरीचा संबंधच नव्हता. नाव खरं, जुना पत्ता खरा, इन्शुरन्स कंपनी खरी, पैसेही खरे. खोटा होता तो पत्र पाठवणारा. मावशीनेच मला सांगितलंय, "लिही सगळं, फक्त माझं नाव घालू नकोस."

मावशी आणि काका आधी ह्यूस्टनला होते. मग काकांना न्यू जर्सीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड हललं. अशा हलवाहलवीत सगळ्यांचंच काही ना काही मागे राहतं. विजेच्या कंपनीकडचं डिपॉझिट, शेवटच्या पगाराचा न वटवलेला चेक, एखादं विसरलेलं बँक खातं. काकांच्या बाबतीत तो गाडीच्या इन्शुरन्सचा परतावा होता. चेक जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर गेला आणि तसाच परत फिरला. अमेरिकेत असे पैसे कंपनीला कायमचे ठेवून घेता येत नाहीत. ठरावीक काळ मालकाचा पत्ता लागला नाही, तर ते राज्य सरकारकडे जमा करावे लागतात. बहुतेक गोष्टींना हा काळ 3 ते 5 वर्षं असतो, पगाराला बऱ्याच राज्यांत एकच वर्ष. आणि पैसे कुठल्या राज्याकडे जाणार? कंपनीच्या दप्तरी मालकाचा जो शेवटचा पत्ता असेल, त्या राज्याकडे. हा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली घालून दिला, आणि त्या खटल्याचं नाव आहे 'टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी'. आमच्या घराला अगदी मापाने शिवल्यासारखा! मावशी राहते जर्सीत, पैसे टेक्ससकडे.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावाने पत्र आलं तेव्हा मावशीला आधी गलबलूनच आलं. जाड कागद, वर पाचकोनी ताऱ्याचा शिक्का, खाली 'ऑफिस ऑफ द स्टेट ट्रेझरर, अनक्लेम्ड प्रॉपर्टी डिव्हिजन'. काकांचं नाव, ह्यूस्टनचा अपार्टमेंट नंबरासकट पत्ता, इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि रक्कम 18,400 डॉलर.

तिचा विश्वास बसला तो मात्र शिक्क्यामुळे नाही. काकांच्या आडनावातला एक 'ए' त्या इन्शुरन्सवाल्यांनी पहिल्या दिवसापासून गाळला होता. दुरुस्त करा, दुरुस्त करा म्हणून काकांनी त्यांना किती फोन केले असतील, पण ती चूक शेवटपर्यंत तशीच राहिली. घरात त्यावरून विनोद व्हायचे. या पत्रात आडनाव नेमकं तसंच, 'ए' गाळलेलं. मावशी म्हणाली, "बाहेरच्या माणसाला हे कुठून कळणार गं?"

कुठून ते मला नंतर कळलं, आणि हे सगळं लिहायला बसले ती त्याचसाठी. राज्यांकडच्या या बेवारस पैशांच्या याद्या जाहीर असतात. मालकाने स्वतःचं नाव शोधावं म्हणूनच त्या उघड्या ठेवलेल्या असतात. नाव कंपनीने जसं कळवलं तसंच, चुकीसकट, सोबत जुना पत्ता आणि पैसे कोणी जमा केले त्या कंपनीचं नाव. म्हणजे मावशीला जी खूण फक्त घरातली वाटली, ती घरबसल्या कोणालाही दिसत होती. भामट्याने चोरी, हॅकिंग वगैरे काही केलं नव्हतं. यादी वाचली, पत्र छापलं, तिकीट लावलं.

पत्रावरच्या नंबरला फोन लावला तर पलीकडचा माणूस फारच सौजन्याचा. स्वतःला केस ऑफिसर म्हणवत होता. काका गेल्याचं ऐकून त्याने दोन वाक्यं सांत्वनाचीही बोलली. मग म्हणे वारसाचा दावा असल्यामुळे फाइल वेगळ्या खिडकीतून जाईल, त्याची फी 185 डॉलर, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची इथली सेवा) पाठवा. पाठवले. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, बोलताना नुसतं 'सोशल'), ड्रायव्हिंग लायसन्सचा दोन्ही बाजूंनी फोटो, पैसे जमा करायला बँकेचा खाते क्रमांक. तेही दिलं. आता हसू नका. खऱ्या सरकारी अर्जातही सोशलचा नंबर आणि ओळखपत्र मागतातच, वारस कोण हे ठरवायला दुसरं साधन नसतं. 'सोशल मागितला की समजा फसवणूक' हा मंडळाच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला इथे काही कामाचा नाही. अर्ज कोणाकडे जातोय, एवढंच बघायचं असतं.

मग टॅक्स क्लिअरन्सचे 640 डॉलर आले. रक्कम सुटण्याआधी कर भरावा लागतो म्हणे. मावशीने तेही पाठवले. मुलांना सांगितलं नाही, कारण केस ऑफिसरने बजावलं होतं की दावा मंजूर होईपर्यंत बाहेर वाच्यता झाली तर दुसरे वारस हरकत घेतील. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटलं. नातवाच्या मुंजीचा खर्च याच पैशातून करायचा आणि सगळ्यांना चकित करायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटची मागणी गिफ्ट कार्डांची. कार्डं घ्यायची, मागचा नंबर खरवडायचा आणि फोनवर वाचून दाखवायचा. कोणी विचारलं तर नातवंडांच्या वाढदिवसासाठी घेतेय असं सांगायचं, हेही त्याने पढवून ठेवलं होतं. मावशी औषधांच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "ही कार्डं घ्यायला तुम्हाला फोनवर कोणी सांगितलंय का?" मावशीने वाढदिवस सांगितला. पोरीने मॅनेजरला बोलावलं. त्याने काउंटरला चिकटवलेल्या पाटीवर बोट ठेवलं आणि कार्डं द्यायला चक्क नकार दिला. मावशी इतकी चिडली की पार्किंगमधूनच तिने मला फोन लावला: बघ, इथे आपल्या लोकांना कशी वागणूक देतात! कसली कार्डं, कशासाठी, असं मी विचारत गेले आणि मग एकेक बाहेर येत गेलं. त्या मुलीला मी नंतर मिठाईचा डबा नेऊन दिला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, असं बऱ्याचदा होतं म्हणाली.

त्या रात्री जे केलं ते थोडक्यात. बँकेला फोन करून खातं बदलून घेतलं. झेलच्या पैशांची तक्रार बँकेने नोंदवली, पण पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत म्हणून परत करायला नकार दिला. इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन कंपन्या, तिन्हीकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे तिच्या नावाने कोणाला नवं कर्ज किंवा कार्ड काढता येऊ नये. 2018 पासून हे फुकट आहे आणि तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं. एकीकडे केलं की बाकीच्यांना आपोआप कळत नाही. ओळख चोरीला गेलेल्यांसाठीच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साईटवर नोंद केली, एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं केंद्रीय खातं) तक्रार केली, पोलिसांचा रिपोर्ट घेतला. तिच्या नावावर दुसराच कोणी टॅक्स रिटर्न भरून परतावा उचलू नये म्हणून आयआरएसकडून, म्हणजे आयकर खात्याकडून, सहा आकडी पिन घेतला. तो दरवर्षी नवा मिळतो. इतकं करूनही, फ्रीझच्या आधीच तिच्या नावाने एका दुकानाचं क्रेडिट कार्ड निघालं होतं, ते निस्तरण्यात पुष्कळ कागद खर्ची पडला. 825 डॉलर गेले त्याचं मला तितकं वाटत नाही. सोशल नंबर मात्र आता जन्मभर बाहेर फिरत राहणार.

मग टेक्ससच्या खऱ्या साईटवर बसलो. हे काम तिथे राज्याच्या कंट्रोलरचं, म्हणजे राज्याचे हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, ऑफिस बघतं. स्टेट ट्रेझरर, म्हणजे राज्याचा खजिनदार, हे पद टेक्ससने 1996 सालीच बंद करून टाकलं. म्हणजे पत्राच्या डोक्यावर जे ऑफिस होतं, ते काका टेक्ससमध्ये नोकरी करत होते तेव्हासुद्धा अस्तित्वात नव्हतं! नाव टाकलं, 'ए' गाळून. आलं. तोच पत्ता, तीच कंपनी. रक्कम 412 डॉलर. 18,400 हा आकडा भामट्याच्या मनचा. चारशे डॉलरसाठी कोण एवढी धावपळ करणार, हे त्यालाही कळत होतं. शोधायला पैसे पडले नाहीत, अर्ज करायलाही नाही. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, नोटरी, एवढं जोडलं. नोटरीवाल्याने घेतले तेवढेच. आगाऊ कर कोणी मागितला नाही, कारण तसा कर नसतोच. टेक्ससमध्ये दाव्याला मुदतही नाही. त्यामुळे 'या आठवड्यात केलं नाही तर पैसे बुडतील' असं कोणी सांगितलं तर तिथेच ओळखा.

तुम्हालाही शोधायचं असेल तर अनक्लेम्ड डॉट ऑर्गवरून सुरुवात करा. राज्यांच्या या खात्यांच्या अधिकाऱ्यांची नाउपा नावाची संघटना आहे, ही साईट तिची. तिथे नकाशावर राज्य निवडलं की त्या राज्याच्या खऱ्या साईटवर जाता येतं. मिसिंगमनी डॉट कॉमलाही नाउपाची मान्यता आहे, तिथे अनेक राज्यं एकदम शोधता येतात. गूगलमध्ये शब्द टाकून सगळ्यात वर येईल ते उघडू नका, वर जाहिराती असतात. देशभराचं असं एकच केंद्रीय खातं नाही. जिथे जिथे राहिलात ती सगळी राज्यं बघायची, शिकायला होतात तेसुद्धा. नाउपाचं म्हणणं आहे की दर 7 माणसांमागे एकाचं काही ना काही पडून असतं. आपल्या लोकांचं प्रमाण त्याहून जास्त असेल असं माझं आपलं मत, कारण विद्यार्थी म्हणून एका गावात, पहिली नोकरी दुसऱ्या, घर तिसऱ्या.

नावं शोधताना आपली गंमत लक्षात ठेवा. आडनाव पुढे आणि नाव मागे झालेलं असतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आडनावाच्या जागी चढलेलं असतं. कुलकर्णींचं शेवटचं अक्षर आय आणि वाय दोन्हींनी लिहिलेलं सापडतं. बायकांनी माहेरच्या नावानेही बघावं. पासपोर्टवर एकच नाव असल्यामुळे ज्यांच्या कागदांवर 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन') पडलं होतं, त्यांनी तेही टाकून बघावं.

खरं राज्य सरकार कधी पत्र पाठवतच नाही असंही समजू नका. पेनसिल्व्हेनियात तर 2024 च्या कायद्यानंतर, एकाच मालकाची 500 डॉलरपर्यंतची रक्कम असेल तर पत्ता पडताळून सरकार आपणहून चेक पाठवतं. फक्त त्यासाठी फी मागत नाही. पत्र आलं तर त्यावरचा नंबर फिरवू नका. राज्याची साईट स्वतः उघडा, नाव शोधा, नंबर तिथला घ्या.

कायदेशीर दलालही असतात, त्यांना इथे फाइंडर म्हणतात. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात त्यांना 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, न्यू यॉर्कमध्ये मर्यादा 15 टक्के. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 35 टक्क्यांच्या करारावर सही करायची तयारी केली होती. कागदावर वकिली इंग्रजी होतं म्हणून ते खरंच वाटलं म्हणे! करार कायद्यात बसत असला तरी जे काम संध्याकाळी चहा पिता पिता होतं त्याचे पैसे का द्यायचे, हा माझा प्रश्न.

आईवडील भारतात असतील तर त्यांनाही सावध करा, तिथेही हाच खेळ चालू शकतो. बँकेत 10 वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि त्या शोधायला 2023 पासून 'उद्गम' पोर्टल आहे. तिथे फक्त शोधता येतं. पैसे मागायचे ते त्या त्या बँकेकडेच. शेअर आणि लाभांश 7 वर्षांनी आयईपीएफ या सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, त्याचा अर्ज वेगळा. 'उद्गममधून बोलतोय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या.

मावशीकडे मागच्या आठवड्यात आणखी एक फोन आला. आम्ही फसवणूक झालेल्यांचे पैसे परत मिळवून देतो, तुमचे 825 डॉलर आमच्या सिस्टीममध्ये दिसताहेत, सोडवायची फी 150. गेलेला आकडा डॉलरपर्यंत बरोबर! आम्ही सोडून तो माहीत होता बँकेला, तक्रार घेणाऱ्यांना आणि ज्याने घेतले त्याला. मावशीने त्याला नाव, ऑफिसचा पत्ता, साहेबांचं नाव असं अर्धा तास विचारत ठेवलं, तो कंटाळून शिव्या देऊन गेला. तो नंबरही एफटीसीच्या तक्रारीत घातलाय.