डॅटसन २४०झेडचे इनटेक मॅनिफोल्ड: तयार ओतीव घ्यावे, सहा थ्रॉटल लावावेत की स्वतः घडवून घ्यावे?

१९६९ साली जपानमध्ये फेअरलेडी झेड म्हणून दाखल झालेली आणि अमेरिकेत डॅटसन २४०झेड या नावाने विकली गेलेली ही गाडी तिथे मुळात २३९३ सीसीच्या एल२४ इंजिनावर चालत असे. आज ती जपून ठेवणारे अनेक मालक तिच्यात २७५३ सीसीचे एल२८ इंजिन बसवतात, आणि ते काम हातात घेतले की इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या संचाचा, निर्णय टाळता येत नाही. मूळचे दोन हिताची एसयू कार्ब्युरेटर ठेवायचे, तयार ओतीव मॅनिफोल्डवर तीन साइडड्राफ्ट (आडवी हवा घेणारे) कार्ब्युरेटर लावायचे, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवेची झडप) देऊन इंजेक्शनकडे वळायचे, की प्लेनम (हवेची सामायिक पेटी) असलेले मॅनिफोल्ड एखाद्या फॅब्रिकेटरकडून घडवून घ्यायचे, असे चार मार्ग समोर असतात.

या इंजिनाच्या हेडची (सिलिंडरांवरच्या झाकणाची) ठेवण या चारही मार्गांवर परिणाम करते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही हेडच्या एकाच, म्हणजे डाव्या बाजूला उघडतात. दोघांना मिळून एकच गॅस्केट असते आणि काही स्टडवरचे जाड वॉशर इनटेक व एक्झॉस्ट या दोन्ही फ्लँजांना (हेडला टेकणाऱ्या सपाट पट्ट्यांना) एकदमच दाबून धरतात. एक फ्लँज दुसऱ्यापेक्षा थोडी जरी जाड झाली, तरी वॉशर तिरका बसतो, पातळ फ्लँजवर दाब कमी पडतो आणि तिथून हवा आत शिरू लागते. शिवाय एक्झॉस्टचे तापलेले नळ थेट इनटेकच्या खाली असल्यामुळे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल तापते, आणि गरम इंजिन थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू करताना त्रास होतो. कोणताही पर्याय निवडला तरी मध्ये उष्णतारोधक पत्रा लावावाच लागतो.

मूळ एसयू जोडीला कमी लेखणे मला पटत नाही. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ आहे, म्हणजे पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांची पाळी एकाआड एक येते. एका कार्ब्युरेटरवरच्या तीन सिलिंडरांच्या शोषणाच्या वेळांमध्ये २४० अंशांचे अंतर राहते आणि ते एकमेकांची हवा फारशी ओढून घेत नाहीत. त्यामुळे दोनच कार्ब्युरेटर असूनही वाटणी आश्चर्यकारक समतोल राहते. इंजिन फारसे बदललेले नसेल आणि गाडी रस्त्यावरच चालवायची असेल, तर ही जोडी नीट दुरुस्त करून घेणे हाच सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत कमी मनस्तापाचा मार्ग आहे.

तीन वेबर डीसीओई किंवा मिकुनी पीएचएच हे साइडड्राफ्ट कार्ब्युरेटर लावण्यासाठी तयार ओतीव मॅनिफोल्ड मिळतात. प्रत्येक कार्ब्युरेटरला दोन नळ्या असल्याने प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी मिळते, थ्रॉटलला प्रतिसाद तत्काळ मिळतो आणि त्या आवाजासाठीही लोक पैसे मोजतात. मात्र पेट्रोल आणि हवा मोजणाऱ्या जेट, एमल्शन ट्यूब आणि व्हेंचुरी यांचा मेळ घालायला धीर लागतो, कमी वेगात पेट्रोल अधिक जाते आणि सहाही नळ्यांमधली हवा वेळोवेळी समतोल करावी लागते. या मार्गाची एक जमेची बाजू निर्णय घेताना हमखास विसरली जाते: डीसीओईच्याच मापाच्या थ्रॉटल बॉडी मिळतात आणि त्या याच मॅनिफोल्डवर बसतात. म्हणून आज कार्ब्युरेटर लावून पुढे कधी इंजेक्शनकडे जायचे ठरले, तरी मॅनिफोल्डवरचा खर्च वाया जात नाही.

सहा स्वतंत्र थ्रॉटल आणि ईसीयू (इंजेक्शन नियंत्रित करणारा संगणक) या जोडीत पेट्रोलचे मोजमाप अचूक होते आणि थंडीत इंजिन सहज सुरू होते. अडचण व्हॅक्यूमची, म्हणजे नळ्यांमधल्या कमी दाबाची, आहे. प्रत्येक नळीतला दाब सतत उसळत असल्याने ईसीयूला त्यावरून भाराचा अंदाज नीट घेता येत नाही, आणि म्हणून ट्यूनिंग बहुतेक वेळा थ्रॉटलच्या कोनावर आधारलेले ठेवतात. व्हॅक्यूमवर चालून पेडलचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी सहाही नळ्यांना जोडणारी एक छोटी सामायिक पेटी करावी लागते आणि तिच्यापासून बूस्टरकडे जाणाऱ्या वाटेवर चांगला चेक व्हॉल्व्ह असावाच लागतो. कॅमशाफ्ट उग्र, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, असेल तर आयडलिंगवर व्हॅक्यूम इतके घटते की ब्रेकचे पेडल जड लागू शकते. हा सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने तो नंतर बघू म्हणून मागे टाकता येत नाही.

घडवून घेतलेल्या प्लेनम मॅनिफोल्डचा खरा लाभ रनरच्या, म्हणजे पेटीपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीच्या, लांबीत आहे. पिस्टन जोरात खाली जाताना निर्माण झालेली दाबाची लाट नळीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते, आणि ती इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याच्या जरा आधी पोहोचली तर सिलिंडरमध्ये थोडी अधिक हवा भरते. ढोबळ हिशेब असा: ६००० आरपीएमला क्रँकचे ९० अंश फिरायला २.५ मिलिसेकंद लागतात, तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे ८५ सेंटिमीटर जातो, म्हणजे व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत जवळपास ४२ सेंटिमीटर लांबी हवी. हाच फायदा ४००० आरपीएमला हवा असेल तर लांबी ६४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. स्ट्रट टॉवर आणि इंजिन यांच्यामधल्या जागेत सरळ नळ्या इतक्या लांब ठेवता येत नाहीत. घडवलेल्या मॅनिफोल्डमध्ये मात्र रनर वरच्या बाजूने वळवता येतात.

टर्बो लावायचा असेल तर प्लेनमचे पारडे आणखी जड होते, कारण एकाच थ्रॉटलकडे एकच पाइप न्यावा लागतो. पण इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक सपाट भिंतींची. ५० बाय १० सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर एक बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या दाबाला) सुमारे ५०० किलोचा भार येतो, ती फुगते आणि काही काळाने वेल्डला तडा जातो. म्हणून पेटीचा छेद गोलाकार ठेवावा किंवा आतून आधार द्यावा. दुसरी चूक वाटणीची. थ्रॉटल पुढच्या टोकाला असेल तर वेगाने येणारी हवा पहिल्या रनरांवरून पुढे निघून मागच्या टोकाला दाटते, पाचव्या-सहाव्या सिलिंडरला हवा जास्त मिळते आणि तिथले मिश्रण धोकादायक पातळ होऊ शकते. मागे निमुळती होत जाणारी पेटी आणि प्रत्येक रनरला आतून गोल कडांचे तोंड यामुळे हा दोष बराच कमी होतो. तरीही प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय बूस्ट वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे.

धातूच्या बाबतीत साधे पोलाद स्वस्त आणि वेल्डिंगला सोपे, तर अ‍ॅल्युमिनियम हलके. माझा कल अ‍ॅल्युमिनियमकडे आहे आणि त्याला कारण प्रसरणाचे आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने तापमान ८० अंशांनी वाढले की अर्धा मीटर लांबीत ते सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते, पोलादाची फ्लँज मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना हा फरक गॅस्केटला घासत राहतो. अर्थात अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग करताना अधिक वाकते. त्यामुळे फ्लँज जाड पोलादी पाटावर बोल्टने घट्ट कसूनच टिग वेल्डिंग करावे, पूर्ण थंड झाल्यावरच सोडावे आणि शेवटी तिचा पृष्ठभाग मिलिंग मशीनवर सपाट करून घ्यावा. या शेवटच्या मिलिंगमध्ये जाडी कमी होते, म्हणून सुरुवातीची पट्टी थोडी जाड घ्यावी आणि अंतिम माप शेजारच्या एक्झॉस्ट फ्लँजशी जुळवावे. रनरच्या सुंदर वळणांवर पैसे ओतून फ्लँजच्या मिलिंगवर काटकसर करणारे काम मी स्वीकारणार नाही.

पोर्टचे मापही नकाशावरून न घेता प्रत्यक्ष हेडवरून घ्यावे. १९७५ पासूनच्या इंजेक्शनच्या इंजिनांवरील हेडमध्ये पोर्टच्या वरच्या कडेला इंजेक्टरच्या फवाऱ्यासाठी खाच असते, सुरुवातीच्या ई३१ क्रमांकाच्या हेडमध्ये ती नसते. गॅस्केट आणि फ्लँज दोन्ही त्या खाचेवर पुरून उरायला हवीत.

कॅलिफोर्नियात गाडी असलेल्यांसाठी आणखी एक बाब निर्णायक ठरते. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेल वर्षाच्या पेट्रोल गाड्या नियमित धूर तपासणीतून वगळलेल्या आहेत. १९७६ आणि त्यानंतरच्या मॉडेल वर्षांच्या २८०झेडला (२४०झेडच्या मालिकेतल्या पुढच्या मॉडेलला) ती सवलत नाही. त्यामुळे अशा २८०झेडच्या मालकाने मूळ इंजेक्शनचे मॅनिफोल्ड उतरवण्यापूर्वी स्थानिक नियम पाहावेत आणि उतरवलेच तर ते जपून ठेवावे.

टर्बो नसलेल्या, पण इंजिनात बरेच बदल केलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी ओतीव मॅनिफोल्ड आणि त्यावर डीसीओई मापाच्या थ्रॉटल बॉडी सुचवेन, आणि कार्ब्युरेटरची आवड असणाऱ्याने त्याच मॅनिफोल्डवर तीन वेबर लावावेत. घडवून घेण्याचा खर्च टर्बो असलेल्या एल२८साठीच करावा. तेव्हाही मॅनिफोल्ड ताब्यात घेण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून, ते पाण्यात बुडवून, आत थोडा हवेचा दाब देऊन बुडबुडे येतात का ते फॅब्रिकेटरच्या समोरच तपासावे आणि फ्लँजवर सरळपट्टी ठेवून फटीत फीलर गेज फिरवून पाहावा.