गुगल फॉर्म्स: आठवीच्या मुलांना माझ्या शिकवण्याबद्दल विचारलं तेव्हा

चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी आठवीला गणित शिकवते. मुलांचं मत आधी चिठ्ठ्यांवर घ्यायचे, नाव न घालता. पण त्यांचं अक्षर रोज वह्यांत तपासणारी मीच, हे त्यांना पक्कं ठाऊक. प्रत्येक चिठ्ठीवर 'मॅडम छान शिकवतात'. जूनपासून हेच काम गुगल फॉर्म्सवर, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन प्रश्नावलीवर, करतेय. माझ्याकडून पाचपैकी पाच, कारण इथे अक्षर ओळखू येत नाही.

फॉर्म फुकट आहे, प्रश्न मराठीत घालता येतात, आलेख आपोआप तयार होतात. सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा. आणि एक गोष्ट नक्की पाहा: उत्तरं ज्या गुगल शीटमध्ये जमा होतात, तिथे प्रत्येक उत्तरापुढे वेळ नोंदली जाते. हजेरीच्या क्रमाने मुलं उठवलीत तर कोणी काय लिहिलं ते लगेच कळेल. मी शाळेचा टॅब मागच्या बाकावर ठेवते, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने जावं. घरच्या फोनवर विसंबू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत फोन वडिलांबरोबर शेतात असतो.

प्रश्न काय विचारायचे ते मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. हार्वर्ड विद्यापीठाच्या रोनाल्ड फर्ग्युसन यांची, शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांनी भरायची ट्रायपॉड प्रश्नावली मला फार उपयोगी पडली. अमेरिकेत २००९ नंतर गेट्स फाउंडेशनने सुमारे ३००० शिक्षकांसोबत मोठा अभ्यास केला, त्यात तीच वापरली होती. शिक्षक आवडतात का, असं ती विचारत नाही. वर्गात काय घडतं ते विचारते. म्हणून मी विचारलं: 'आपल्या वर्गात कोणाचं उत्तर चुकलं की काय होतं?'

'पोरं हसतात.' पुन्हा पुन्हा हेच. आणि एकाने अहिराणीत लिहिलं होतं, 'माले समजनं नही तरी मी हा म्हनस.' ते वाक्य मी टॅबवर कितीतरी वेळ वाचत बसले. बारा वर्षं मी 'समजलं का?' विचारत आलेय, आणि सगळा वर्ग 'हो' म्हणत आलाय.

आता तो प्रश्न बंद. अवयव पाडण्याचं एक उदाहरण झालं की पुढचं प्रत्येकाने पाटीवर सोडवायचं आणि सगळ्यांनी एकदम पाटी वर धरायची. मधलं पद फोडताना कोण अडलं ते मला क्षणात दिसतं. सोमवारी एक चुकलेलं उत्तर, कोणाचं ते न सांगता, मी फळ्यावर लिहिते आणि गाडी कुठे घसरली ते सगळे मिळून शोधतो.

निकाल दुसऱ्याच दिवशी वर्गात वाचून दाखवा. काय बदलणार, काय जमणार नाही, तेही सांगा. सहामाही परीक्षेच्या गडबडीत मला पंधरा दिवस उशीर झाला, तर पुढच्या फॉर्ममध्ये परत 'छान', 'छान' आलं. तो विश्वास परत मिळवायला दोन महिने लागले.

डिसेंबरच्या फॉर्ममध्ये हसण्याची तक्रार बरीच कमी झालेली दिसली. 'मॅडम घाई करतात' मात्र तेवढंच आहे. अभ्यासक्रम मार्चच्या आत संपवायचाय, त्यामुळे यावर अजून मला उपाय सापडलेला नाही, आणि तसं मी वर्गात सांगितलंय.