सराफ कट्ट्यावरची कान टोचणी : हात उत्तम, स्वच्छता मागून घ्यावी लागते

सांगलीच्या सराफ कट्ट्यावरील एका जुन्या पेढीत नुकतेच आमच्या नातीचे कान टोचून घेतले. पेढीचे नाव देत नाही, कारण काही बाबतींत तक्रार आहे आणि त्या तक्रारी एकाच दुकानापुरत्या असतील असे मला वाटत नाही. निवाडा आधीच सांगून टाकते : तान्ह्या मुलाच्या कानाची पाळी टोचायची असेल तर या कारागिरांचा हात मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन, मात्र स्वच्छतेच्या गोष्टी तेथे आपणहून मिळत नाहीत, त्या समोर उभे राहून करून घ्याव्या लागतात.

कान केव्हा टोचावेत यावरून घरात पुरेसा वाद झाला होता. आमच्याकडे पूर्वी बारशालाच सोनार घरी येत असे आणि पाळण्यात नाव ठेवण्याआधी बाळाच्या कानात तार गेलेली असे. मुलीने या वेळी ते होऊ दिले नाही, आणि तिचेच बरोबर होते. सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लस असते. तीत धनुर्वात आणि कावीळ ब यांपासूनचे संरक्षण येते. हे तीन डोस पुरे होईपर्यंत थांबावे, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. शिवाय पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बाळाला नुसता ताप आला तरी डॉक्टर दाखल करून घेतात. तो ताप कानाच्या जखमेमुळे ओढवून घेण्यात काय शहाणपण? शास्त्राधारच हवा असणाऱ्या आमच्या नणंदबाईंसाठी सुश्रुतसंहिता कामी आली. तिच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे, बारावा दिवस नव्हे.

त्याच अध्यायात मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी टोचावा असे म्हटले आहे, आणि गंमत अशी की सोनारकाकांनी आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला : ‘मुलगी ना? मग डावा आधी.’ ग्रंथ त्यांनी वाचलेला नसणार. वडिलांच्या शेजारी बसून हे त्यांच्या हातात आलेले आहे. टोचण्याची जागाही त्यांनी तशीच शोधली. सुश्रुताने पाळी उन्हाकडे धरून, जेथून प्रकाश आरपार दिसतो त्या पातळ जागी टोचायला सांगितले आहे, म्हणजे रक्तवाहिनी टळते. काकांनी उन्हाऐवजी मोबाईलची टॉर्च पाळीमागे धरली, बारीक लालसर रेष कोठून जाते ते पाहिले आणि तिच्या बाजूला पेनाने ठिपका दिला. दोन्ही ठिपके झाल्यावर बाळाला मांडीवर उभे धरायला लावून समोरून पाहिले, डावा ठिपका पुसून केसभर वर घेतला, आणि मगच तारेला हात लावला. आडव्या निजलेल्या बाळाचे ठिपके सारखे दिसतात आणि पुढे एक डूल खाली लोंबतो, हे त्यांचे म्हणणे कोणत्याही आईला पटेल.

तार बावीस कॅरेटची होती. आमच्यासमोर गुंडाळीतून तुकडा तोडून, त्याचे एक टोक कानशीने तिरपे घासून त्यांनी सुईसारखे केले. हीच तार आरपार जाते आणि हीच वळवून कानात राहते, त्यामुळे एका मुलाच्या कानातली वस्तू दुसऱ्याच्या कानात जाण्याचा प्रश्न येत नाही. पार्लरमधील बंदुकीपेक्षा ही पद्धत मला याच कारणासाठी उजवी वाटते. त्या बंदुकीतला खडा तुलनेने बोथट असतो, तो धारेने नव्हे तर धक्क्याने आत घुसतो; आणि बंदुकीचा सांगाडा बहुधा प्लॅस्टिकचा असल्यामुळे तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत, घालता येत नाही. वरून स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे निर्जंतुक झाले, असे नाही. कावीळ ब आणि क यांचे विषाणू रक्ताच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशातूनही पसरतात.

आणि येथेच पेढीविषयीची माझी पहिली तक्रार येते. तार नवी होती, पण ती वळवण्याची पकड तीच होती, जी सकाळपासून किती कानांजवळ गेली असेल कोण जाणे. काकांनी ती कापसाने पुसली आणि पुरे समजले. मी ती उकळून मागितली तेव्हा ते रागावले नाहीत, मागच्या खोलीतून चहाच्या भांड्यात उकळून आणली. पण हे मागावे लागले. हातमोजेही गल्ल्याखालच्या खणात होते. म्हणजे वस्तू आहेत, सवय नाही. दुसरी तक्रार टोचून झाल्यानंतरची. वाटीतली हळद आणि खोबरेल तेल त्यांनी बोटाने लावायला घेतले. वाटी दिवसभर उघडी, त्यात सगळ्यांची बोटे. आम्ही नको म्हटले. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने दिवसातून दोनदा पुसणे आणि कानाला हात लावण्याआधी हात साबणाने धुणे, एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते आणि तेवढ्यावरच भागले. कडुलिंबाची काडी घालून ठेवण्याचा सल्ला शेजारून मिळाला, तोही आम्ही ऐकून सोडून दिला.

प्रत्यक्ष टोचणे मात्र पाहण्यासारखे होते. बाळ रीतीप्रमाणे मामाच्या मांडीवर. ‘मामा, हात सोडा, डोके धरा,’ एवढे काकांनी सांगितले. मामाचेच हात इतके कापत होते की अखेर आजीला, म्हणजे मला, डोके धरायला बसवले. तार गेली कधी आणि वळली कधी हे समजेपर्यंत रडण्याचा पहिला सूर निघाला होता. सोनाराने कान टोचले की दुखत नाहीत ही म्हण नातीला मान्य असल्याचे दिसले नाही, पण दूध पिताना ती शांत झाली. काकांना टोचणावळीबरोबर गूळ-खोबरे आणि शिधा दिला. तो त्यांनी कपाळाला लावून घेतला.

आमच्यामागे शिराळ्याकडचे एक कुटुंब मुलाला घेऊन आले होते. बत्तीस शिराळा हे गोरक्षनाथांच्या परंपरेशी जोडलेले गाव. कान फाडून मोठी कुंडले घालणारे नाथपंथी त्या भागाला नवे नाहीत, आणि मुलाचे कान टोचण्यात तेथे कोणाला काही वावगे वाटत नाही. शहरात मात्र मुलाच्या कानातल्या सुंकल्या शाळेत जाण्याआधी काढून टाकतात, आणि तोच मुलगा कॉलेजात गेला की गणपतीच्या ढोल-पथकासाठी भिकबाळी, म्हणजे वरच्या कानात घालायची बाळी, मागतो. कान टोचल्याने बुद्धी वाढते, दृष्टी सुधारते असे हल्ली फार सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. सुश्रुताने रक्षण आणि भूषण हीच दोन कारणे दिली आहेत, आणि भूषण हे कारण मला तरी पुरेसे वाटते.

भिकबाळीचा विषय निघाला म्हणून पेढीची सर्वांत मोठी जमेची बाजू सांगते. आमच्याबरोबर आलेल्या भाचीला कानाच्या वरच्या भागात टोचून बुगडी घालायची होती. काकांनी सरळ नकार दिला. ‘पाळी मांसाची आहे, वरचा कान कुर्चेचा. तो माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे टोचून घे,’ हे त्यांचे शब्द. कुर्चा म्हणजे कानाला आकार देणारे मऊ, लवचिक हाड. गिऱ्हाईक सोडून देणारा दुकानदार विरळा, आणि येथे तो वैद्यकीयदृष्ट्याही अगदी बरोबर होता. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. तेथे पू झाला आणि आवरण सुटले की कुर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. अशा संसर्गात बहुधा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू सापडतो आणि नेहमीची अनेक प्रतिजैविके त्याला दाद देत नाहीत. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, वरच्या कानाला अनेक महिने लागतात. ज्यांच्या अंगावर जखमेचे वण फुगून वाढतात, म्हणजे ज्यांना किलॉइडची प्रवृत्ती आहे, त्यांनी तर तेथे टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावेच. भाचीने शेवटी त्याच पेढीतून चापाची बुगडी घेतली. ती न टोचता बसते आणि मोत्यांचे काम सुरेख आहे.

सोन्याच्या शुद्धतेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि तान्ह्या मुलाची तार किंवा कुडकी त्या वजनाच्या आतच असते. म्हणून पावतीवर कॅरेट आणि वजन लिहून मागावे. स्वस्त कानातल्यांत निकेल असते आणि त्यानेच कित्येकांच्या पाळ्या खाजतात, चिघळतात. मग ‘सोने मानवत नाही’ असा बोभाटा होतो. फिरकीचे खडे मला तान्ह्या मुलांसाठी पसंत नाहीत : पाळी सुजली की घट्ट फिरकी मांसात रुतते, आणि सैल झालेली फिरकी बाळाच्या तोंडात जाऊ शकते. तारेचे टोक मात्र लोकरीच्या टोपीत आणि दुपट्याच्या धाग्यात अडकते. काकांनी ते आत वळवून बोटाने चाचपून दाखवले, तरी आम्ही काही आठवडे झबली पुढून बंदांचीच वापरली.

जायचे असेल तर दसरा, गुरुपुष्य आणि अक्षय्य तृतीया हे दिवस टाळावेत. त्या दिवशी सोने घेणाऱ्यांची झुंबड असते आणि पकड उकळून मागण्याइतकी उसंत कोणालाच नसते. आठवड्यातल्या साध्या दिवशी दुकान उघडताच गेल्यास काका निवांत असतात आणि उजेडही चांगला असतो. पाळी भरल्यावर तार काढून कुडकी घालून देण्याचे वेगळे पैसे ते घेत नाहीत, पण त्यासाठी पावती दाखवावी लागते. ती पुसट होणाऱ्या कागदावर छापलेली असते, तेव्हा घरी येताच तिचा फोटो काढून ठेवावा.