हर्णै–मुरूड रस्त्यावरची नवी गोळ्याची गाडी

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराकडून मुरूडला जाणाऱ्या रस्त्यावर यंदाच्या शिमग्यात एक नवी गोळ्याची गाडी उभी राहिली. आई आणि मुलगा मिळून ती चालवतात. मुलगा बर्फ किसतो, आई सरबते ओतते आणि पैशांचा हिशेब ठेवते. एप्रिलपासून आतापर्यंत मी तिथे सात वेळा गोळा खाल्ला आहे, त्यामुळे हा अभिप्राय एका संध्याकाळच्या हौसेवर बेतलेला नाही. पहिल्या खेपेस गाडीपुढे आमच्या घरच्या माणसांखेरीज कोणी नव्हते. सातव्या खेपेस, तेही मंगळवारी, मला वीस मिनिटे ताटकळावे लागले. वास्तविक गोळा पहिल्या दिवशीही चांगलाच होता. तरीही गिऱ्हाईक जमायला एवढे दिवस का लागले आणि मग ते कशाने जमले, हे चवीइतकेच सांगण्यासारखे आहे.

अडचण बर्फाची होती. हर्णैला मासळीचा लिलाव भरतो आणि मासळीसाठी बर्फाच्या लाद्या फोडल्या जात असताना इथला प्रत्येक जण लहानपणापासून पाहत आलेला असतो. अशा गावी कोणी गोळा विकू लागला, की लोकांच्या मनात पहिला प्रश्न चवीचा नव्हे, बर्फाचा येतो. माझ्या सुनेने तो पहिल्याच दिवशी विचारला, "दादा, बर्फ कुठला आणता?" त्यावर "चांगला आहे वहिनी, खा बिनधास्त" एवढेच उत्तर मिळाले आणि नातवंडांचा दुसरा गोळा तिथेच रद्द झाला. खाण्याचा बर्फ आणि मासळीचा बर्फ दिसायला वेगळा असावा, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये अखाद्य बर्फात खाण्याचा निळा रंग मिसळण्याची सक्ती केली. पण हा नियम गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल, तर पांढरा बर्फ पाहूनही त्याची शंका फिटत नाही.

तिसऱ्या खेपेस गेलो तेव्हा गाडीचा थाट बदललेला होता. त्या दिवशीच्या बर्फाची पावती तारखेसह पारदर्शक पाकिटात घालून दर्शनी भागी टांगली होती, शेजारी अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा 14 अंकी क्रमांक होता आणि खडूने लिहिलेल्या फळीवर 'निळा बर्फ मासळीचा, पांढरा बर्फ खाण्याचा' एवढे एकच वाक्य होते. लादी गोणपाटाऐवजी धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेली होती आणि तिची पेटी नवी कोरी, लाल रंगाची होती, कारण बंदरातल्या पेट्यांसारखी दिसणारी पेटी लोकांना चालत नाही, हे त्या माउलीच्या ध्यानात आले होते. याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे बाटल्यांच्या ओळीतून निळे सरबत नाहीसे झाले होते. कारण विचारले, तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, फळीवर निळ्याबद्दल लिहायचं आणि गोळा निळा करून द्यायचा, ते बरं दिसत नाही." मुंबई-पुण्याची पोरे निळाच मागतात, तरीही त्याने तो बंद केला. धंद्याची अशी समज पुष्कळ मोठ्या दुकानांतही मला आढळलेली नाही.

आता गोळा. पेटीतून काढलेला तुकडा तो लगेच यंत्राला लावत नाही. पिण्याच्या पाण्याने धुऊन थोडा वेळ ताटात ठेवतो आणि वरचा पांढुरका थर जाऊन बर्फ काचेसारखा दिसू लागला, की मगच चक्र फिरवतो. फार गार, कोरडा बर्फ पात्याखाली भुसभुशीत होऊन दाणेदार पडतो. पृष्ठभागावर किंचित पाणी सुटलेल्या बर्फाचा कीस मात्र पिंजलेल्या कापसासारखा उतरतो. अर्थात समुद्राकाठी ही वाट पाहणे महाग पडते, कारण दमट हवेतील बाष्प बर्फावर जमते आणि जमताना आपली उष्णता त्यालाच देऊन जाते. सुरुवातीला हे दोघे अख्खी लादी घेत आणि त्यातील बरीचशी रात्री नुसते पाणी म्हणून ओतून देत. आता पाव लादी घेतात आणि लागली तरच संध्याकाळी दुसरी आणतात. कीस वाटीत अर्धा भरला, की आई पळीभर सरबत ओतते, मग उरलेला कीस हलक्या हाताने दाबून वरून पुन्हा ओतते. या दोन वेळा ओतण्यामुळे तळाशी बेचव पांढरा बर्फ उरत नाही. बहुतेक गाड्यांवर नेमके तेच होते, वरचा रंग चोखून झाला की खाली फक्त थंडी.

सरबतांत अमृतकोकम पहिल्या क्रमांकाचे आहे. कोकमाच्या सालांत साखर भरून उन्हात ठेवून ते घरीच केलेले असते, त्यामुळे त्याचा लाल रंग बाटलीतल्या रंगासारखा भडक नसतो आणि जिभेवर राहतो तो आंबटपणा, रंग नव्हे. ज्या तालुक्यात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि ज्या विद्यापीठाने कोकमाची 'कोकण अमृता' ही जात दिली, त्या तालुक्यातील गाड्यांवर आजवर खस आणि ऑरेंजच का मिळत होते, हे एक कोडेच आहे. कैरीचे पन्हेही उत्तम, गुळाचे आणि वेलची बेताची असलेले. जांभळाच्या काला खट्ट्यात काळे मीठ हवे त्याहून थोडे अधिक पडते. गुलाब विकतचा आहे आणि तो तसाच लागतो.

तरीही गाडीचा खरा शोध सरबतांच्या यादीत अगदी शेवटी लिहिलेला आहे, आणि तो मालकांनी नव्हे, गिऱ्हाइकाने लावलेला आहे. लिलाव आटोपून घरी निघालेल्या मासळीवाल्या मावश्या गाडीशी थांबत, पण दिवसभर उन्हात बसल्यावर त्यांना गोड नको असे. त्यांतल्या एकीने सांगितले, "साखर नको गो, आगळ घाल नि जिरं टाक." आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. तो पाण्याने थोडा सैल करून, भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरून दिलेला हा गोळा आता 15 रुपयांना मिळतो. घामाने थकलेल्या माणसाला तो लिंबू सरबताहून लवकर हुशारी आणतो. बंदरातील बायका रोज तिथे खातात असे दिसले, तेव्हा पर्यटकांच्याही शंका आपोआप मिटल्या. ज्यांना मासळीचा बर्फ जन्मापासून ओळखता येतो त्यांच्यापेक्षा मोठी साक्ष कोणाची असणार? शनिवार-रविवारी मोटारी येतात आणि हात भरून पैसे देतात हे खरे, परंतु सोमवार ते गुरुवार गाडी तगते ती या मावश्यांवर आणि 10 रुपयांच्या काडीवरच्या गोळ्यासाठी येणाऱ्या शाळकरी मुलांवर. आईच्या वहीत प्रत्येक गोळ्यामागे एक रेघ असते, पाचवी रेघ आडवी. एप्रिलमधल्या सोमवारच्या पानावर अशा जुड्या एका ओळीत मावल्या होत्या. मे महिन्यातल्या सोमवारचे पान खालपर्यंत भरलेले मी स्वतः पाहिले.

उणिवाही आहेत. 60 रुपयांचा मलई गोळा घेऊ नये. घट्ट गोड दुधाच्या थराखाली कोकम आणि कैरी दोन्ही गुदमरतात, आणि सुक्या मेव्याच्या नावाखाली मुख्यतः टुटीफ्रुटी पडते. साडेपाचनंतर गर्दी वाढली, की बर्फ ताटात ठेवण्याचा धीर सुटतो आणि कीस दाणेदार येऊ लागतो. एकदा तर पाते इतके बोथट झाले होते, की दातांखाली करकर वाजत होती. तसे सांगितल्यावर त्याने निमूटपणे पाते बदलले आणि नवा गोळा दिला, पैसे घेतले नाहीत. बसायला दोन बाकडी आहेत, तीही पश्चिमेच्या उन्हात. फोनवरून पैसे द्यायचे म्हटले तर नेटवर्क लहर लागेल तेव्हाच येते, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवावेत. आगळ सांडले तर पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग जात नाही, हे मी स्वखर्चाने शिकलो आहे.

गाडी दुपारी चारला लागते आणि बर्फ संपेपर्यंत असते. गोड आवडत असेल तर अमृतकोकम मागावे, मात्र "सरबत बेताचे" असे आधीच सांगावे, कारण आईचा हात सढळ आहे. 1 जूनला मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्याला लागल्या, की मावश्यांचे येणे थांबेल आणि मागोमाग पाऊसही येईल, म्हणून मे अखेरीस गाडी झाकून ठेवणार असल्याचे दोघांनी सांगितले. पुढे गणपतीत चाकरमानी आले, की पाच दिवस ती पुन्हा लागेल; तोपर्यंत पुरेल एवढे आगळ बरणीत भरून ठेवलेले आहे.